टायगरचं ताट

दुर्गाबाईंना किळस फार लवकर यायची. भाजीत केस निघाला तर त्या दिवसभर जेवत नसत. पुण्यात, धायरीला चार घरचा स्वयंपाक करायच्या, पण हात पुसायचं फडकं स्वतःच्या घरून न्यायच्या. आप्पासाहेबांच्या बंगल्यात पाचवं काम धरलं तेव्हा तिथे कुत्रा आहे हे त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं.

आप्पासाहेबांच्या जमिनीवर सोसायट्या उभ्या राहिल्या होत्या आणि घरात कशाला कमी नव्हतं. टायगर त्यांचा सात वर्षांचा लॅब्राडॉर. सकाळी त्याला तुपातला शिरा, दुपारी तर्रीत कुस्करलेली पोळी, संध्याकाळी चहात बुडवलेली बिस्किटं. मधे जो येईल तो फरसाण, भजी, पेढा पुढे टाकायचा. उठायला त्याला तीन-तीन प्रयत्न लागायचे. कानातून नासक्या ताकासारखा वास यायचा, पोटाला लाल चट्टे पडले होते, आणि अंग खाजवलं की फरशीवर कोंडा सांडायचा. ओकायचा तोही नेमका ओट्याखाली. पदर नाकाला लावून दुर्गाबाई ते पुसायच्या आणि मग त्यांच्या घशाखाली चहाही उतरायचा नाही.

एकदा त्या म्हणाल्या, "साहेब, याला हे खाणं सोसत न्हाई."

"आमच्या घरात कुणी वाळकं खात न्हाई, दुर्गाबाई," आप्पासाहेब म्हणाले. "कुत्रं झालं म्हणून काय झालं?"

आखाडातल्या एका रविवारी दुपारी बंगल्याच्या अंगणात मटणाच्या पंगती बसल्या. पन्नास-साठ माणसं होती. कुणीतरी टायगरसमोर परात ठेवली आणि प्रत्येक जण उठताना आपलं ताट तिच्यात झटकायला लागला. चघळलेली हाडं, थुंकलेली चरबी, कांद्याच्या फोडी, त्यावर लाल तेल. टायगर खात होता आणि माणसं मोबाइल धरून उभी होती.

"खा रे, तुझाबी आखाड हाय," एक जण म्हणाला. दुसऱ्याने वर गुलाबजाम टाकले, खातो की नाही बघायला. तो खात होता. दुर्गाबाई स्वयंपाकघराच्या दारातून बघत होत्या. त्या माणसांची तेलकट बोटं, हसताना दातांत दिसणारे मटणाचे धागे बघून त्यांना मळमळायला लागलं. या खेपेला त्यात कुत्र्याचा काही दोष नव्हता.

दुसऱ्या दिवशी टायगर पुढचे पाय पसरून, मागचं अंग उचलून नुसता उभा होता. पोट दगडासारखं झालं होतं. तो पिवळा फेस ओकत होता. "जरा जास्त झालं असंल, दहीभात घाला," आप्पासाहेब म्हणाले. मंगळवारी त्यांचा मुलगा अवधूत नाक धरून म्हणाला, "पूर्ण घरात स्मेल येतोय, बाहेर बांधा त्याला." मग टायगरला गाड्या लावायच्या जागेत, सांडपाण्याच्या जाळीजवळ बांधला. बुधवारी दुर्गाबाई कामावर आल्या तेव्हा तो स्वतःच्याच घाणीत पडला होता, डोळ्यांवर माश्या होत्या, आणि वर गॅलरीत नाश्ता चालला होता.

त्या स्वयंपाकघरात गेल्याच नाहीत. त्यांनी टेम्पो बोलावला, टेम्पोवाल्याच्या मदतीने टायगरला पोत्यावर घेतला आणि सिंहगड रस्त्यावरच्या जनावरांच्या डॉक्टर पूर्णिमांकडे नेला.

"स्वादुपिंडाला सूज आहे," डॉक्टर म्हणाल्या. "एकदम इतकी चरबी पोटात गेली की असं होतं. कांदा याच्यासाठी विषच, आणि शिजलेल्या हाडांच्या टोकदार कपच्या होतात. बत्तीस किलोचा असायला हवा, सेहेचाळीस आहे. काय घालता याला?"

दुर्गाबाईंनी एकेक सांगितलं. सांगताना त्यांनाच लाज वाटली, कारण शिरा त्यांच्याच हातचा होता.

चार दिवस सलाइन लावल्यावर टायगरने मान उचलली. आप्पासाहेब दवाखान्यात आले, डॉक्टरांनी लिहिलेला आहार वाचला आणि कागद परत दिला. "बिनमिठाचं, बिनतेलाचं रोज कोण शिजवणार? लोणी काळभोरला पाव्हण्यांचा गोठा हाय, तिथं सोडू."

"मी नेते," दुर्गाबाई म्हणाल्या.

बंगल्यातलं काम त्यांनी त्याच दिवशी सोडलं. पहिला आठवडा वाईट गेला. कान साफ करताना बोळ्यावर काळा चिकटा आला आणि त्या मोरीत जाऊन ओकल्या. परत येऊन दुसरा कान साफ केला. त्या कातडी काढलेली कोंबडी, भात आणि लाल भोपळा शिजवायच्या, त्यात डॉक्टरांनी दिलेली पावडर घालायच्या आणि सगळं वाटीने मोजून दिवसातून तीनदा द्यायच्या. टायगरने दोन दिवस वास घेऊन तोंड फिरवलं. तिसऱ्या दिवशी खाल्लं.

महिन्याभरात ओकणं थांबलं, मग वास कमी झाला, मग चट्ट्यांवर केस आले. दिवाळीच्या सुमारास तो सदतीस किलोवर आला आणि धारेश्वराच्या टेकडीवर दुर्गाबाईंच्या पुढे पळायला लागला.

तिथून उतरताना एका सकाळी आप्पासाहेबांची गाडी थांबली. "अरे, हा तर पार पिल्लू झाला! उद्या माणूस पाठवतो, आणून सोडा." असं म्हणत त्यांनी पुड्यातली बाकरवडी काढून खिडकीबाहेर धरली. टायगर शेपूट हलवत निघालाच.

दुर्गाबाईंनी ती त्यांच्या हातातून काढून घेतली.

"हा येणार न्हाई, साहेब."

"माझा कुत्रा हाय तो."

"माश्या बसल्या तवाबी तुमचाच व्हता."

आप्पासाहेब म्हणाले, "आम्ही मायेनंच घालत होतो ना?"

दुर्गाबाईंनी त्यांच्या तेलकट बोटांकडे बघितलं आणि तोंड फिरवलं. गाडी निघून गेली. माणूस काही आला नाही.

टायगर मात्र दुर्गाबाईंच्या मुठीकडेच बघत होता, कुंईकुंई करत. त्यांनी बाकरवडी गटारात टाकली, पदराला हात खसाखसा पुसला आणि पट्टा ओढला.