धुळ्याचं भाषण कशावर होतं

जळगाव सोडलं तेव्हा एसटीत निम्मी बाकं रिकामी होती. माझी मुलगी सुनंदा आदल्या दिवशीच धुळ्याला पोचली होती. तिथल्या एका कॉलेजातल्या चर्चासत्रात ती निबंध वाचणार होती. विषय, टीव्हीवरचे गाण्यांचे व्हिडिओ. "नाना, विषय आवडला नाही तरी चालेल, पण या," एवढंच ती म्हणाली होती.

एरंडोलला एक आबा शेजारी येऊन बसले. मांडीवर कपाशीच्या बियाण्याची पिशवी.

"कोठे चालनात भाऊ?"

"धुळ्याला. मुलीचं भाषण आहे."

"कसावर शे?"

केबलवरच्या नाचगाण्यांवर, हे मला सांगवेना. नजर पिशवीवर गेली. "कपाशीवर," मी म्हणालो.

"मंग मी बी ऐकसू!"

पारोळ्याच्या पुढे टायर पंक्चर झालं. बाभळीच्या सावलीत आबांनी मला कळण्याची (ज्वारी-उडदाच्या पिठाची) भाकरी दिली आणि पोरगी बोंडअळीवर काय सांगेल, ते विचारत राहिले. खरं सांगायला वेळ भरपूर होता. मी भाकरी खात राहिलो.

सभागृहात आबांना धरून चाळीस माणसं. सुनंदा म्हणाली, काही अभ्यासकांना हे व्हिडिओ म्हणजे कॅसेट खपवायची जाहिरात वाटते. काही म्हणतात, त्यांत गोष्ट नसते, तुटक चित्रं असतात. पाहणारा ती आपापली जोडतो.

"आमच्या गल्लीत कानबाईच्या (श्रावणात घरी बसवतात त्या देवीच्या) मिरवणुकीत बायांनी पावलं व्हिडिओतली टाकली, गाणं मात्र कानबाईचंच म्हटलं. मग ती जाहिरात उरली का?"

त्या बायांत तिची आई होती. तेव्हा मी लाजून दार लोटून घेतलं होतं. इथे लोक ते लिहून घेत होते.

जेवताना आबा सरळ तिच्याकडे गेले. "ताई, कपाशीनं ते नावबी लिधं नई! भाऊ ते म्हनना, भाषण कपाशीवर शे. पन तू बोलनी ते बठ्ठं खरं शे. मनी सूनबी तशीच नाचस!"

सगळे हसले. सुनंदाही हसली. मग तिनं माझ्याकडे पाहिलं. माझी मान शेवभाजीच्या वाटीवरून वर होईना.

परतताना ती खिडकीबाहेर बघत होती. पारोळ्याला आमच्या गल्लीतले मास्तर गाडीत चढले. "काय, बापलेक धुळ्याला कशाला?"

या वेळी खरं सांगायचं, असं मी ठरवलं होतं. घसा खाकरला, तेवढ्यात सुनंदाच म्हणाली, "माझं भाषण होतं, काका. कपाशीवर."

"शाब्बास!" मास्तर मला म्हणाले.

तिनं माझी अब्रू राखली की मला शिक्षा दिली, हे एरंडोल मागे पडलं तरी मला तिला विचारता आलं नाही. मास्तरांनाही मी खरं सांगितलं नाही.