चाव्या ठेवणारी बाई

बोईसरजवळच्या सरावलीत आमच्या चाळीच्या टोकाला मी डबे करते. कारखान्यातली पोरं एकेका रूमवर चार-पाच जण राहतात, कुणी पहिल्या पाळीला, कुणी रात्रपाळीला. चावी मात्र एकच. ती माझ्या स्वयंपाकघरातल्या खिळ्यावर टांगलेली असायची. जो कामावरून येईल त्याने डबा न्यावा, चावी न्यावी. आमच्या गल्लीत चाव्या फक्त माझ्याकडे.

रूम भाड्याने लावून देणारा एक एजंट एकदा चावी मागायला आला. पोरं कामावर असताना त्याला ती रूम दुसऱ्यांना दाखवायची होती. मी तोंडाची फटकळ, चार लोकांत त्याला झाडला. थोड्याच दिवसांत बोईसरच्या फेसबुक ग्रुपवर त्याने लिहिलं, 'ज्या बाईकडे रूमच्या चाव्या असतात, तिच्याकडे डब्यासोबत आणखी काय काय मिळतं ते रात्रपाळीवाल्यांना विचारा.' नाव नाही, गल्ली नाही. खाली नुसते हसणारे चेहरे.

नवरा इथल्याच कंपनीत, तेव्हा रात्रपाळीला, आणि त्याच्या बसमधले सगळे त्या ग्रुपवर. त्याला कळलं तर? तो दारात आला की मी आधी त्याचा चेहरा बघायची. तो गुपचूप जेवायचा आणि झोपायचा. त्याचा फोन वाजला की मी हातातलं काम सोडून कान द्यायची. इकडे पोरांनी एकेक करून चाव्या नेल्या. कुणी म्हणे डुप्लिकेट करायचीय, कुणी म्हणे मालक ओरडतो.

शेवटी पालघरला एका वकीलबाईंकडे गेले. त्या म्हणाल्या, नाव नसलं तरी बदनामीचा दावा होतो. पण ती पोस्ट वाचून मला हीच बाई आठवली, असं कोर्टात सांगणारं कुणीतरी हवं. तुम्ही एकटीने सांगून भागणार नाही. मी म्हटलं, एवढंच ना, अख्खी गल्ली सांगेल.

कसली सांगतेय गल्ली! ज्याला विचारावं तो मान खाली घालून म्हणायचा, छे ताई, तुमच्याबद्दल असं मनातसुद्धा आलं नाही. शेजारची बाई तर इथलीच, रोज माझ्यासोबत भाजी निवडणारी. तिने माझा हात धरला. "आमाला नाय वाटलं गं, ती तू हाय म्हणून." माझी अब्रू राखायला सगळे खोटं बोलत होते, आणि त्यानेच तो मेला सुटणार होता. राग आला, पण त्याहून भीती जास्त. आता घरात सांगण्यावाचून इलाज नव्हता.

मी नवऱ्यापुढे फोन धरला. त्याने तो हातातही घेतला नाही.

"वाचलंय मी. तेव्हाच कळलं, तूच ती. साक्षीला माझं नाव दे."

मला रडूच फुटलं. एवढे दिवस मी उगाच घाबरले, असं वाटलं. त्याला घेऊन पुन्हा पालघरला गेले. वकीलबाई खूश झाल्या. मग म्हणाल्या, समोरचा वकील उलटतपासणीत विचारणारच, म्हणून आधी मीच विचारते.

"तुमची बायकोच आहे हे कळलं. मग जे लिहिलंय ते खरं वाटलं का तुम्हाला?"



"मी त्याच आठवड्यात रात्रपाळी सोडली," तो टेबलाकडे बघत म्हणाला. "घरी राहायला."

मला त्याने सांगितलं होतं, कंपनीनेच पाळी बदलली.