पेरूवर डाग नाई

पेरूचा वास आला की मला नागभीडचं आमचं अंगण आठवतं. आई रोज हिरड्यांवर नस, म्हणजे भाजलेल्या तंबाखूची पूड घासायची. रक्त आलं की आणखी जोरात. तिला हृदयाचं दुखणं निघालं तेव्हा डॉक्टर म्हणाले, "बाई, सडलेल्या हिरड्यांची घाण रक्तात जाते, हृदयालेबी बाधू शकते." आई भडकली, "दात कुठी, काळीज कुठी! काहीबी सांगून राह्यले तुमी!" घरी येऊन मात्र तिनं स्वतःच नसेची डबी चुलीत उपडी केली. हिरड्यांवर उपचार झाले. हिवाळ्यात तिनं पेरूचा कचकन लचका तोडला आणि उरलेला पेरू उंच धरून गल्लीभर ओरडली, "पाहा रे, रक्ताचा ठिपका नाई!" अजूनही पेरूचा पहिला घास घेतला की माझा हात आपोआप वर जातो.