चौकटीबाहेरचा आवाज

"हें कां?"

मॅडमनी पॉजचं बटण दाबलं की बोट थेट पडद्यावर टेकायचं आणि हा प्रश्न यायचा. मॉनिटरच्या काचेवर कायम त्यांच्या बोटांचे ठसे. चेन्नईच्या आमच्या कॉलेजात त्या माध्यमशास्त्र शिकवायच्या. मूळच्या तंजावरकडच्या मराठी. वर्गात इंग्रजी, शिपायाशी तमिळ, आणि माझ्याशी त्यांची ती जुनी मराठी, मध्येच तमिळ 'सेरि' म्हणजे 'बरं' पेरलेली. जणू पोथीतून कोणी उठून म्हणतंय, "सेरि, आतां चहा पिऊं."

आमच्या घरात कॉलेजात गेलेली मी पहिली. हे मी आजही मान वर करून सांगते. वडील चेन्नईजवळच्या आवडी गावातल्या कारखान्यात फिटर. आईला तमिळचे चार शब्द यायचे, त्यावर ती अख्खा बाजार करायची.

शेवटच्या वर्षी लघुपट करायचा, आणि शिकलेले सगळे सिद्धांत त्या आपल्याच लघुपटाला लावून त्याची चिरफाड लिहायची, असा अभ्यासक्रम होता. मी आईवर लघुपट केला. वर माझं निवेदन: 'परक्या मुलखात मुकी झालेली एक बाई.'

बोट पडद्यावर. "हें कां? तुझी आई मुकी?"

"नाही मॅडम. चांगली भांडते."

"मग मुकी कोणीं केली?"

"मी."

"त्याला पुस्तकांत काय म्हणतात?"

"प्रतिनिधित्व. दुसऱ्याच्या वतीनं आपणच बोलायचं."

"दुसऱ्याच्या सिनेमाला लावतांना पानेंच्या पानें लिहितेस. आतां आपल्या घराला लाव."

तुम्हालाही असं कोणी तरी भेटलं असेल. राग येतो, आणि घरी जाऊन आपण तेच करतो.

पुन्हा शूटिंग ठरलं, तेव्हा त्या स्वतः आमच्या क्वार्टरवर आल्या. आई कॅमेऱ्यासमोर पापडासारखी ताठ. मॅडम कॅमेऱ्याशेजारी स्टुलावर बसल्या आणि तिच्याशी गप्पा मारत राहिल्या. आई हळूहळू सैल झाली, हात नाचवत बोलायला लागली. प्रत्येकाच्या शूटिंगला मॅडम असंच करायच्या. एडिटिंगला बसलं की मात्र हुकूम ठरलेला: "माझा आवाज काढ. काम तुझें." आम्ही इमानदारीत काढायचो. मूळ टेप पुढच्या वर्गाला जायच्या, त्यांच्यावरच नवं शूटिंग व्हायचं. टेप महाग, म्हणून हा नियमही मॅडमचाच.

मी पास झाले आणि त्याच कॉलेजात एडिटिंगची लॅब सांभाळायला लागले. त्याच वर्षी मॅडमना घशाचा कॅन्सर निघाला. ऑपरेशनमध्ये आवाज गेला. पावसाळा संपता संपता त्याही गेल्या.

नंतर एकदा त्यांचे यजमान लॅबमध्ये आले. चप्पल दाराबाहेर काढून उभे राहिले.

"घरीं फोटो पुष्कळ आहेत. आवाज कोठेंच नाहीं. तुमच्यापाशीं असेल कीं, अम्मा?" तमिळ मुलखात लेकीच्या वयाच्या पोरीलाही अम्माच म्हणतात.

मी कपाटातल्या सगळ्या टेप लावून पाहिल्या. समुद्र, कावळे, बसस्टँड, पोरांच्या मुलाखती. तयार लघुपट तर आम्हीच स्वच्छ करून ठेवलेले. काका शेजारी बसून समुद्रसुद्धा लक्ष देऊन ऐकत होते.

शेवटी मी माझा लघुपट लावला. काय दाखवणार होते, मलाही ठाऊक नव्हतं. मध्येच एका ठिकाणी आई मान वळवते, चौकटीबाहेर कोणाचं तरी ऐकते, आणि तोंडाला पदर लावून हसत सुटते. तिथला आवाज काढून मी नुसती पंख्याची घरघर भरली होती.

काकांनी विचारलं, "आतां तीच बोलते आहे?"

"हो."

"काय म्हणाली?"

मला शब्द न् शब्द आठवत होता. सांगावं की नाही, कळेना. पण त्यांनी पडद्यावरची नजर काढली नाही.

"आईने विचारलं होतं, तुमचे साहेब बोलतात का हो मराठी? मॅडम म्हणाल्या, बोलतात कीं. फक्त ऐकत नाहींत."

काका हसले. मग चष्मा काढून हातात धरला.

"पुन्हा लाव, अम्मा."

मी टेप मागे घेतली. काकांनी खुर्ची पुढे ओढली आणि स्पीकरला कान लावला. आई हसत होती. पंखा फिरत होता.