धाबं आईचं, पाटी वडिलांची

माझ्या आईवर अन्याय झाला तो १९७१च्या आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या, दुसऱ्या दिवशी, आमच्या पारोळ्याच्या घरी. आमचं छप्पर मातीचं, धाब्याचं. पावसाआधी त्यावर खारी माती पसरली नाही, तर घर गळतं. दरवर्षी आईच टोपल्या घेऊन शिडी चढायची. वडील ओट्यावर सुपारी कातरायचे. त्या दिवशी तिचं काम संपलं आणि वडिलांनी दारावर आपल्या नावाची पाटी ठोकली.

शेजारी म्हणाला, "बठ्ठा गावमा तुमनं धाबं भारी शे, आबा!" अख्ख्या गावात भारी धाबं आपलंच, अशी वडिलांनी खुशाल मान डोलावली.

मी म्हटलं, "पाटीवर आईचंही नाव घाला."

"मग मी काय बांगड्या भरू?"

आई मातीचे हात धूत राहिली.

वाचणाऱ्या भावांनो, उठा. तुमचं घर जिनं राखलं, तिचं नाव आजच दारावर लिहा.