आईची मराठी

कापसाने सगळ्यांना रडवलं, त्या वर्षांतली गोष्ट. नागपूरच्या नोकरीतून सुटी काढून मी आर्णीजवळच्या आमच्या तांड्यावर आलो, तेव्हा आई-बाबा अंगणात गोरबोलीत, आमच्या बंजारा बोलीत, काहीतरी ठरवत होते. मला पाहताच दोघं गप्प झाले. मग आई मराठीत म्हणाली, "हातपाय धुऊन घे."

आमच्या घरात मराठी बाहेरच्यांशीच बोलायची. शेत विकायला काढलं की काय, का सगळं धाकट्या भावाच्या नावावर करताहेत, अशी शंका मनात घेऊनच मी जेवायला बसलो. शेवटी गोरबोलीतच विचारलं, "माझ्यापासून काय लपवता?"

"लपवाले का हाय?" बाबाही मराठीतच बोलले. "औंदा कापूस लावावा का सोयाबीन, तेच बोलून राह्यलो होतो."

"मग माझ्याशी मराठी कशाला?"

आई म्हणाली, "तुह्या लग्नापासून असंच बोलतो. सूनबाईले आपली बोली समजत नाही. तिले वाटू नये, का तिच्याच गोष्टी करून राह्यले."

"पण आज ती आलीच नाही. लग्नानंतर पहिल्यांदाच एकटा आलोय."

सून नसतानाही आपण मराठीच बोलतोय, हे आईच्या लक्षातच आलं नव्हतं. म्हणाली, "आता सवय झाली."

ती खरंच बोलत असावी. तरी दुसऱ्या दिवशी निघेपर्यंत, दोघं हळू बोलायला लागले की मी कान टवकारत होतो.