भोंगाकाकूंनी न वाचलेली घोषणा

बोट कधी सुटणार, हॉलमध्ये कुठला सिनेमा लागणार, डोळे तपासायला डॉक्टर कधी येणार, हे सगळं आमच्या बेटावर कळायचं ते भोंगाकाकूंच्या तोंडून. धक्क्यावर तिकीटखिडकीला चिकटून कपाटाएवढी एक खोली आहे. पहिली बोट सुटायच्या आधी काकू तिथे माईकपुढे बसायच्या आणि येत्या आठवड्याचे कार्यक्रम वाचून दाखवायच्या. बाजारापासून दीपगृहापर्यंत खांबाखांबावर भोंगे असल्याने कोणाची सुटका नसायची.

शिवाय काकू नुसतं वाचत नसत. "रविवारी पोहण्याचा वर्ग. आपापला टॉवेल आणावा. गेल्या वेळी राहिलेले टॉवेल धुऊन ठेवायला मी काही धोबीण नाही. गायनस्पर्धेत नाव देणाऱ्यांनी आधी एकदा घरच्यांना गाऊन दाखवावं, ही विनंती."

राग त्यांच्या नाकावरच असायचा. नवरा बोटींची इंजिनं दुरुस्त करायचा, अगदी शांत माणूस. तो म्हणायचा, "हिला माईक लागत नाही हो. खांब रिकामे बरे दिसत नाहीत म्हणून भोंगे लावलेत."

त्या काकूंचा धाकटा दीर म्हणजे कार्यक्रम समितीचा अध्यक्ष. धक्क्यासमोर त्याचं लॉज. माणूस गोडबोल्या, सगळ्यांशी हसून बोलणारा. वहिनींवर त्याचा जीव होता आणि काकूंनीही त्याला लहान भावासारखं वागवलं होतं. दोघांचं बिनसलं ते होड्यांच्या शर्यतीवरून.

मागच्या शर्यतीला वारा सकाळपासून विचित्र होता. वल्हवणारे म्हणत होते, थांबू या. समिती म्हणाली, पाहुणे येऊन बसलेत. वळणावर एक होडी उलटली. बाकीचे बाहेर आले, बेकरीवाल्याची मुलगी मात्र होडीखाली अडकली. दोन कोळ्यांनी उड्या मारून तिला केसांना धरून वर ओढलं. ती जगली. पण बेटावरची सगळ्यात चांगली वल्हवणारी ती मुलगी त्यानंतर पाण्याच्या बाजूला फिरकली नाही. बेकरीच्या मागच्या खोलीत, जिथून समुद्र दिसत नाही, तिथे ती कणीक मळत बसते.

यंदाच्या शर्यतीचं पत्रक घेऊन अध्यक्ष स्वतः काकूंच्या खोलीत आला.

"वहिनी, उद्यापासून हे वाचायचं. जरा उत्साहात हं."

काकूंनी पत्रक उलगडलं. वर मोठ्या अक्षरात शर्यत, आणि खाली हातात वल्हं घेऊन हसणारी बेकरीवाल्याची मुलगी. जुना फोटो.

"हिला विचारलंत?"

"त्यात काय विचारायचं? किती छान आलाय फोटो."

"आणि लाँच? माणूस पाण्यात पडला तर उचलायला?"

बेटावर इंजिनाची एकच मोठी लाँच आहे. अध्यक्ष हसला. "लाँचवर पाहुणे बसणार. तिथूनच शर्यत नीट दिसते. वहिनी, एकदा झालं म्हणून दरवेळी थोडंच होतं?"

काकूंच्या तळपायाची आग मस्तकात गेली. खोलीला कुलूप लावून तडक बेकरीत गेल्या आणि पत्रक मुलीपुढे धरलं. मुलीने पिठाचे हात फडक्याला पुसले, फोटो पाहिला आणि म्हणाली, "काकू, हे सगळीकडे लावणारेत?" एवढंच. मग पाठ फिरवून पुन्हा मळायला लागली.

दुसऱ्या दिवशी सकाळी भोंगे खरखरले.

"शर्यतीची घोषणा मला वाचायला दिली आहे. मी ती वाचणार नाही. लाँच पाहुण्यांना दिली आहे, त्यामुळे पाण्यात पडलेल्या माणसाने आपलं आपण बघायचं आहे. जिचा फोटो छापलाय तिला कोणी विचारलेलं नाही. ज्यांची मुलं वल्हवणार आहेत त्यांनी अध्यक्षांना जाऊन विचारावं. अध्यक्ष माझे दीर आहेत. ते आत्ता लॉजच्या गच्चीवर चहा पीत आहेत, मला इथून दिसताहेत. बोट वेळेवर सुटेल."

बाजारात सगळे जागच्या जागी थांबले. मग आयाबाया लॉजकडे निघाल्या.

दुपारी अध्यक्ष काकूंच्या घरी येऊन ओरडला. त्याला ओरडताना कोणी पाहिलं नव्हतं. "घरातल्या माणसाची अब्रू भोंग्यावर काढता? मी तोंड कुठे दाखवू?"

"भावजी, ती पोरगी होडीखाली होती तेव्हा तुम्ही तोंड कुठे लपवलं होतं?" काकू म्हणाल्या. "मी धक्क्यावरच उभी होते. तुम्ही पाहुण्यांना सांगत होतात, काळजी करू नका, अशी गंमत चालतेच."

काकूंचा नवरा आयुष्यात पहिल्यांदा भावाला म्हणाला, "तू आता जा."

संध्याकाळी समितीने काकूंकडून खोलीची किल्ली काढून घेतली. तिकडे वल्हवणाऱ्यांनी सांगून टाकलं, लाँच पाण्यात मोकळी उभी राहिल्याशिवाय आम्ही होडीत पाय ठेवणार नाही. समितीने चार दिवस ताणून धरलं आणि मग मान तुकवली. एव्हाना लागलेली फोटोची पत्रकंही काढून टाकली.

शर्यत झाली. लाँच वळणावर उभी होती, कडेला दोऱ्या आणि तरंगत्या चकत्या बांधलेल्या. वारा मंद होता. कोणी पडलं नाही.

बक्षीस देताना अध्यक्ष माईकवर म्हणाला, "आमच्या समितीने दूरदृष्टीने लाँचची व्यवस्था केली, त्याबद्दल टाळ्या!" टाळ्या पडल्या. काकूंच्या शेजारी बसलेली बाई कुजबुजली, "बघा, काहीच झालं नाही. तुम्ही उगाच आकांडतांडव केलंत."

काकू ताडकन उठल्या. "काहीच का झालं नाही ते लाँचवाल्याला विचार. सकाळपासून पाण्यावरून नजर हलवली नाही त्याने!" माईक नव्हता तरी शेवटच्या रांगेपर्यंत ऐकू गेलं. पुढच्या विजेत्याचं नाव पुकारलं गेलं.

आता भोंग्यांवर रेकॉर्ड केलेला आवाज लागतो. गोड आहे, पण टॉवेलांबद्दल काही बोलत नाही. मध्यंतरी धाकटी जाऊ, अध्यक्षाची बायको, समितीचा निरोप घेऊन आली होती: नुसतं "चुकलं" म्हणा आणि किल्ली परत घ्या. काकू कपडे वाळत घालत होत्या.

"काय चुकलं ते त्यांना लिहून द्यायला सांग," त्या म्हणाल्या, "वाचून दाखवीन."

जाऊ हसली आणि बादलीतला पुढचा कपडा पिळायला लागली. काकू हसल्या नाहीत. त्यांनी चादर इतक्या जोरात झटकली की अंगणाबाहेर रस्त्यावर शिंतोडे उडाले.